काचेवरचं कुंकू

बाबा, एकाच घरात राहणाऱ्यांना पत्राची गरज वाटत नाही, आणि नंतर उशीर होतो. तुम्ही सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, मी शाळेत संस्कृत शिकवणारा. तुम्ही मला ‘शास्त्रीबुवा’ म्हणायचात आणि मी ते कौतुक समजायचो.

नव्वदच्या दशकात पेठकडच्या त्या पाड्यावर विजेचे खांब पोचले नव्हते. एका संस्थेने तिथल्या शाळेला सौर पॅनेल दिलं. सुट्टीच्या दिवशी ते बसवायला तुम्ही गेलात, आणि पूजा सांगायला मला नेलंत. छपरावर तुम्ही मला समजावताय : या निळ्या चकत्यांवर ऊन पडलं की वीज होते, दिवसभर ती बॅटरीत भरायची, संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाला दोन ट्यूबा लावायच्या. “मग ओढ्यावर पाणचक्कीच का नाही बसवली?” मी विचारतो. “ओढा उन्हाळ्यात आटतो. वारा त्याच्या मर्जीने वाहतो. ऊन रोज येतं, पण संध्याकाळी जातं नि पावसाळ्यात तोंड लपवतं. शिवाय बॅटरी दर काही वर्षांनी नवी लागते. धूर नाही हे खरं, पण प्रत्येकाचे नखरे सांभाळावे लागतात, शास्त्रीबुवा.”

शास्त्रीबुवा तोवर सूर्याच्या बारा नावांत रंगले होते. बारावं नाव घेऊन मी काचेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. “काचेवर नको रे,” तुम्ही म्हणालात, “चकत्या एकामागे एक जोडल्यात. एक झाकली की सगळी रांग अडते.” मी हसलो. “बाबा, चिमूटभर कुंकवाने सूर्य झाकला जात नाही.” शिवाय खाली जमलेल्या मंडळींना बजावलं, ही देवता आहे, रोज पूजा करा. माणसं शब्दाला जागणारी. रोज शिडी लावून हळद, कुंकू, झेंडूचा हार.

बॅटरी पुरती भरेचना, आणि काही महिन्यांत बसली. आपल्याला बोलावणं आलं. शाळेपुढे सगळा पाडा जमलेला. म्हातारे कारभारी म्हणाले, “मिस्तरी, बत्ती लागत नाय. पोरांचा अभ्यास बुडला. जुनीच बॅटरी आणून बसवली का काय?” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी झाडाकडे. मग तुम्ही म्हणालात, “माझीच तपासणी कमी पडली.” त्या संस्थेने तुम्हाला पुन्हा काम दिलं नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही एवढंच बोललात, “पूजा छान सांगितली होतीस.”

तुम्ही गेल्यानंतर आमच्या सोसायटीत जिन्याच्या दिव्यांसाठी पॅनेल बसलं. सभेत मी चकत्यांच्या रांगेवर अस्खलित बोललो. लोक म्हणाले, सरांना विज्ञानही येतं! कोणी शिकवलं ते मी सांगितलं नाही. विसरलो म्हणायची सोय होती, पण विसरलो नव्हतो.

आणि एक राहिलंच. बोलावणं आलं त्या दिवशी, पाडा जमण्याआधी, तुम्ही आत बॅटरी उघडून बसला होतात, तेव्हा मी छपरावर चढलो होतो. हार मागच्या बाजूला फेकला, काच उपरण्याने लख्ख पुसली. तुम्ही वर आलात तेव्हा दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. नंतर सगळ्यांपुढे तुम्ही पाहिलंत ते माझ्याकडे, की माझ्या उपरण्यावरच्या लाल डागाकडे, हे मी विचारलं नाही.

खरं तर हे तुम्हाला लिहून उपयोग नाही, तुम्हाला ठाऊकच होतं. हे पाड्यावर जाऊन वाचायला हवं. पेठच्या गाडीची वेळ मी दोनदा विचारून आलो आहे. तिकीट काढलेलं नाही.