रिकामा ट्रेलर कोणी न्यायचा

मी, ग्लेनिस मे ट्रेजेंझा, वय वर्षे बाहत्तर, राहणार सेडूना, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर आहे असं मात्र मी लिहून देणार नाही. येत्या सोमवारी ॲडलेडच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि ती तारीख कळल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही. मी कोणत्याही नशेत नाही, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नवरा स्वयंपाकघरात रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकत बसला आहे आणि मी काय लिहिते आहे हे त्याने एका शब्दानेही विचारलेलं नाही. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मुख्यतः कुत्र्याची सोय केली होती, आणि कुत्रा माझ्याआधी गेला.

कलम १. राहते घर, मागची शेड आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझे पती लिंडसे ट्रेजेंझा यांस मिळावे. त्यांच्या पश्चात मुलगा रसेल व मुलगी जनीन यांनी सारखे वाटून घ्यावे. वाटणीवरून भांडण करू नये. अगदीच राहवलं नाही तर पुढच्या अंगणात भांडावं, म्हणजे शेजारच्या डोरीनला नीट ऐकू येईल. तिलाही करमणूक हवी.

कलम २. शिवणयंत्र आणि माझ्या आईची पेस्टी, म्हणजे मांस भरलेली मोठी करंजी, लाटायची फळी जनीनला द्यावी. जनीन, कडा मुडपताना पाणी लावायचं, अंडं नाही. तुझ्या पेस्ट्या भाजताना फुटतात त्या यामुळेच. हे मी तोंडाने सांगितलं की तुला राग येतो, म्हणून कायद्याने सांगते आहे.

कलम ३. शेडमधल्या खिळ्याला अडकवलेला नारिंगी पट्टा मर्व्ह पेंगिली यांस द्यावा. तो त्यांचाच आहे. खुलासा पुढीलप्रमाणे.

दर सप्टेंबरात आमच्या भागातले मोटरसायकलवाले शेकडो मैलांच्या ओसाड मैदानाच्या पलीकडे, युक्ला गावाला जमतात. चुलीभोवती बसतात, बिअर पितात आणि आपापल्या सांध्यांच्या तक्रारी करतात. जो मोटरसायकल चालवत येतो त्याला मान. जो ती ट्रेलरवर बांधून गाडीने आणतो त्याला ‘पार्सल’ म्हणतात, आणि रविवारी सकाळी सगळ्यांसाठी अंडी आणि सॉसेज तळायचं काम पार्सलांकडे. गळ्यात फुलाफुलांचा ॲप्रन घालावा लागतो. शिक्षा एवढीच, पण या माणसांना फाशी परवडेल, ॲप्रन नाही.

एका वर्षी मर्व्हने मोटरसायकल ट्रेलरवर आणली, अलीकडच्या वाळूच्या टेकाडाआड उतरवली आणि अंगावर मूठभर धूळ उडवून ऐटीत आत शिरला. पाठ दुखते म्हणून मोठ्याने कण्हलाही. ट्रेलरवर बांधायचा पट्टा मात्र त्याच्या हँडलला तसाच लोंबत होता, जमिनीवर घासत. तो माझ्या पायाशी सुटून पडला. गुपचूप परत द्यावा म्हणून मी तो उचलून ठेवला. पण त्याच रात्री चुलीपाशी हाच मर्व्ह सगळ्यांदेखत म्हणाला, “लिंडसे, ती बघ आली तुझी शववाहिका! रिकामीच आली का रे याही वर्षी?” सगळे हसले. लिंडसेही हसला. तेव्हापासून पट्टा माझ्याकडे आहे. तो देताना रसेलने कोठे सापडला ते मोठ्या आवाजात सांगावे.

कलम ४. आता ट्रेलर. या कलमासाठीच मी मृत्युपत्र करायला बसले आहे, बाकीचं वकीलबाईंसाठी आहे.

मर्व्ह शववाहिका म्हणतो ती माझी गाडी आणि तिच्यामागचा रिकामा ट्रेलर. लिंडसेने एकदा संध्याकाळच्या वेळी त्या मैदानात वॉम्बॅटला, डुकराएवढ्या एका रानजनावराला, धडक दिली होती. खांद्याचं हाड मोडून तो रस्त्याकडेच्या झुडपात पडला होता आणि एका मालट्रकवाल्याला हेडलाइटच्या उजेडात त्याचा बूट दिसला म्हणून आम्हाला तो परत मिळाला. दवाखान्यात मी त्याला म्हटलं, “यापुढे मोटरसायकल ट्रेलरवर जाईल.”

“मग मीही पार्सल होतो. घाल मलाही ट्रेलरवर.”

“चेष्टा करू नकोस. माझा जीव खालीवर झाला.”

“मग तू ये मागून. ट्रेलर घेऊनच ये. पडलो की भर त्यात.”

तो थट्टेत बोलला होता. मी खरोखरच गेले. त्यानंतर दर वर्षी तो पुढे आणि मी मागे, भर दुपारी दिवे लावून, मागे रिकामा ट्रेलर खडखडत. लोकांनी हसून घेतलं. चुलीपाशी तर रीतसर वाद झाला की मी पार्सलमध्ये मोडते की नाही. रिकामा ट्रेलर म्हणजे नुसती गाडी, असा निकाल लागला आणि मी ॲप्रनमधून सुटले. लोक हसतात याचं मला काही वाटलं नाही. पुढे त्याच्या मोटरसायकलचा मागचा लाल दिवा दिसत असला की मला श्वास घेता येतो.

गेल्या सप्टेंबरात परतताना तो दिवा हळूहळू उजवीकडे सरकू लागला. पांढरी रेघ ओलांडली, आणखी सरकला. समोरून तीन डबे जोडलेला मालट्रक येत होता. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. तो दचकला आणि डाव्या बाजूला आला. पुढच्या पेट्रोलपंपावर मी विचारलं तर म्हणाला, “गरुड होता वर. तो बघत होतो.” आकाशात काही नव्हतं. हेल्मेट काढलं तेव्हा त्याचे डोळे झोपेतून उठवलेल्या माणसासारखे होते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मुलांनो, आता वाचताय तेव्हा कळलं. बापावर ओरडू नका. त्याने काही होत नाही, मी ओरडून पाहिलं आहे.

तर प्रश्न असा, की मी सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावरच राहिले तर सप्टेंबरात लिंडसेच्या मागे कोण जाणार? कारण तो जाणार. मी गेल्याच्या दुःखात तर जास्तच जाईल.

वकीलबाई मिस हॅनराहन हिला मी हेच विचारलं. ती म्हणाली, “मिसेस ट्रेजेंझा, नवऱ्याच्या मागे गाडी चालवायचं काम मृत्युपत्रात कोणाला देता येत नाही.”

“मग काय देता येतं?”

“ट्रेलर देता येतो.”

“ट्रेलर दिला आणि तो मागे गेला नाही तर?”

“तर ट्रेलर त्याचा आणि नवरा देवाच्या हवाली,” ती म्हणाली, आणि मग जीभ चावली. चांगली मुलगी आहे. पण अजून लग्न व्हायचं आहे तिचं.

रसेलला ट्रेलर द्यावा तर तो बापाला चालवूच देणार नाही. मोटरसायकल बांधून ॲडलेडला घेऊन जाईल आणि वर म्हणेल की मी प्रेमापोटी केलं. शिवाय त्याला बांधता येत नाही. एकदा त्याने स्वतःची मोटरसायकल मेलबर्नला नेली ती स्टँड खाली ठेवून, वर म्हणाला, “आई, स्टँडचा आधार नको का?” आधार कसला? खड्ड्यात गाडी उसळली, स्टँडवर रेलली, पट्टा सैल झाला, आकडा निसटला आणि मोटरसायकल आडवी. टाकीला पोचा अजून आहे.

जनीनला द्यावा तर तिची तऱ्हा निराळी. ती म्हणते, “आई, बाबांना जाऊ दे ना गं एकट्याला. त्यांचं आयुष्य आहे.” आणि एकदा पोर्ट लिंकनहून फोनवर म्हणाली, “खरं सांगू? तू मागे असतेस म्हणूनच ते इतका वेळ चालवतात. कोणी नसतं तर दमले की थांबले असते.” ती सहज बोलून गेली असेल. मी मात्र तेव्हापासून ते मनातून काढू शकलेले नाही. गरुडाच्या दिवशीही मी मागे होते. माझ्या भरवशावर तो डोळे मिटत असेल तर मी इतकी वर्षे काय करत होते?

सबब, दोघांपैकी कोणालाही न देता, सदर ट्रेलर, त्याचे चारही पट्टे, उताराची फळी आणि चाकाचा जॅक यासह, शेजारीण डोरीन व्हायब्रो हिला द्यावा, या अटीवर की दर सप्टेंबरात तिने तो रिकामा घेऊन लिंडसेच्या मागे युक्लाला जावे व परत यावे. परतीच्या वाटेवर तपासनाक्यावर फळं काढून घेतात, ती त्याआधी खाऊन संपवावीत. तिने अजून हो म्हटलेलं नाही. तिने काहीच म्हटलेलं नाही, कारण मी विचारलेलं नाही.

कलम ५. माझे दहन करावे. भाषण मर्व्हला करू देऊ नये.

इथपर्यंत काल लिहून झालं होतं. पुढील मजकूर आज, शनिवारी, लिहीत आहे.

आज जेवणानंतर मी कपडे वाळत घालायला मागे गेले तर शेडचं दार उघडं होतं. ट्रेलर गाडीला जोडलेला होता, फळी लावलेली होती आणि मोटरसायकल वर चढलेली होती. लिंडसे पुढचा पट्टा ओढत होता. चाळीस वर्षांत या माणसाने आपली मोटरसायकल ट्रेलरवर चढवलेली नाही. वॉम्बॅटनंतरसुद्धा ती मालट्रकवाल्याने आणून दिली होती.

“काय चाललंय हे?” मी विचारलं.

“बांधतोय.”

“ते दिसतंय. कशाला?”

“उद्या ॲडलेडला जायचंच आहे. जाता जाता रसेलकडे ठेवून देतो.”

“किती दिवस?”

तो पट्ट्याशी झटत राहिला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, “तू मागे नसलीस तर मी कशाला चालवू? मी आरशात तुझे दिवे बघतो गं. डुलकी यायला लागली की तेच बघतो. त्या दिवशी ऊन मागे होतं आणि तू दिसेनाशी झालीस.”

म्हणजे गरुड नव्हता. आज सहा महिन्यांनी कबूल झाला, आणि तेही पट्ट्याकडे बघत. मी म्हटलं, “मी परत येणारच आहे, लिंडसे.”

“हो, येणारच आहेस,” तो म्हणाला. पण पट्टा काही सोडला नाही.

आणि मला भीती वाटली. डॉक्टरने छातीचा फोटो दाखवला तेव्हा वाटली नव्हती, कागदांवर सह्या घेतल्या तेव्हा वाटली नव्हती, अशी वाटली. वर्षानुवर्षे मी याच माणसाच्या विनवण्या केल्या की बाबा रे, ट्रेलरवर घाल. रडले, जेवण टाकलं, अबोला धरला. तो बधला नाही. आणि आज मी न सांगता त्याने ती वर चढवली, कारण मी परतेन असं त्याला वाटत नाही. मला ओरडावंसं वाटलं की उतरव ती, आत्ताच्या आत्ता खाली उतरव आणि वाऱ्यात जाऊन एक चक्कर मारून ये. पण तोंडातून निघालं ते असं, “इतकं ओढू नकोस. पुढचे शॉकअप पार दाबलेस तर त्यांचं तेल बाहेर येईल.”

“मग किती?”

“अर्धे दाबायचे. स्टँड वर घे. पहिला गिअर टाक. नाही, असं नाही, दोन्ही बाजू सारख्या. सोड सगळं, पहिल्यापासून बांध.”

त्याने सगळं सोडलं.  मी शेडच्या दारात उलट्या बादलीवर बसून सांगत गेले आणि तो माझं ऐकत गेला. चाळीस वर्षांत हेही पहिल्यांदाच. थोडं अंतर गेलं की पट्टे सैल होतात, थांबून पुन्हा ओढायचे, हे मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

कलम ६. सबब कलम ४ मधील डोरीन व्हायब्रो हिची नेमणूक रद्द करण्यात येत आहे. तो मजकूर मी खोडला असून खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. सदर ट्रेलर सर्व सामानासह माझे पती लिंडसे यांस द्यावा. तो कधी भरून न्यायचा आणि कधी रिकामा, हे त्यांनी ठरवावे. रसेल व जनीन यांनी त्यात पडू नये. लिंडसेने मोटरसायकल चालवायचं ठरवलंच तर डोळे जड झाले की थांबावं, गाडी आडवी लावून तिच्या सावलीत झोपावं. ही अट नाही. वकीलबाई म्हणते, तशी अट घालता येत नाही. ही माझी विनंती आहे.

मी परत आले तर कलम ६ व्यर्थ समजावे, मोटरसायकल रसेलच्या अंगणातून त्याच दिवशी बाहेर काढावी, आणि मला गाडी चालवता येऊ लागेपर्यंत कोणी तिला हात लावू नये.

कलम ७. लिंडसेने दुसऱ्यांदा चारही पट्टे बरोबर बांधले. चूक काढायला जागा ठेवली नाही. तो हात धुवायला आत गेल्यावर मी ते सगळे पुन्हा एकदा तपासले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, भीतीसकट.

सही: ग्लेनिस मे ट्रेजेंझा

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना ग्लेनिस ट्रेजेंझा यांनी आमच्यासमोर सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली. मर्व्ह पेंगिली यांना पट्टा मिळणार असल्याने साक्षीला बोलावलेले नाही.

साक्षीदार १: डोरीन व्हायब्रो, शेजारीण. (कलम ४ वाचले. विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं, ग्लेनिस.)

साक्षीदार २: इयान कोल्टमन, पेट्रोलपंप चालक

ठिकाण: सेडूना, दक्षिण ऑस्ट्रेलिया
दिनांक: १७ मार्च २०१८