आयचा खडक

मंगळवार, संध्याकाळ. वाशी गाव.

चढला एकदाचा क्लाउडवर! इतके दिवस फक्त माझ्या लॅपटॉपवर चालणारा आपल्या खाडीचा नकाशा आता कुणालाही, कुठूनही उघडता येईल. बाबांना लिंक पाठवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खाडीतली जुनी नावं त्यांनीच तर सांगितली, होडीतून नेऊन एकेक जागा दाखवली.

मोबाइलवर खाडी आली, पूल आला. नाव मात्र एकही नाही.

"आयचा खडक कुठं हाय?" पहिलं तेच विचारलं त्यांनी. आय म्हणजे माझी आजी; ती त्या खडकावर कालवं काढायची. ते नाव आता बाबांशिवाय कुणाला माहीत तरी आहे का?

लॅपटॉपवर तर दिसत होतं! नकाशा लहान करत गेले, तर सगळी नावं पार वर, नॉर्वेच्याही पलीकडच्या बर्फाळ समुद्रात. क्लाउडवर माहिती भरताना अक्षांशांच्या जागी रेखांश घातले मी. इतकी कशी येडी?

बाबा शांत. "तिथं पन पानीच हाय ना?"

आकडे सुधारून पुन्हा चढवलं. तोवर आमचा चहा गार झाला. पण आयचा खडक आला, बरोब्बर आपल्या जागी.

बाबांनी त्यावर बोट ठेवलं ते बराच वेळ उचललंच नाही. मग म्हणाले, "आयनं जल्मात कधी वाशीचा पूल नाय वलांडला. आज बर्फाच्या दर्यात जाऊन आली."