मुक्या जनावराचं बिल

आप्पा, ते चार रुपये घेतले असते तर काही बिघडलं नसतं. आता तुम्ही म्हणाल, झालं, सुरू झाला परत. पण त्या गवळ्याच्या म्हशीची कास सुजली होती, पांजरपोळातल्या कामावरनं सुटलात की तुम्ही घरी न येता त्याच्या गोठ्यात जाऊन शेकत बसायचात, आणि म्हैस बरी झाल्यावर तो आपण होऊन दारात पैसे घेऊन आला तर तुम्ही त्यालाच हात जोडलेत. म्हणालात, मुक्या जनावराच्या औषधाचे पैसे घेत नसतात. गवळी गेला. आई चुलीपुढे होती, तिनं तवा तेवढा जोरात ठेवला. बोललो मी. सातवीत होतो, फी थकली होती, मास्तर रोज उभं करायचे. मी म्हणालो, त्याच्या घरी दूध विकून माडी झाली आणि तुम्ही त्याला फुकट राबताय. तुम्ही जेवता जेवता मान वर न करता म्हणालात, "शाळेत जाऊन एवढंच शिकला असशील तर न गेलेलं बरं." मग गेलोच नाही. तुम्ही थांबवलं नाहीत की पाठवलं नाहीत. हे भांडण आपलं अर्धं राहिलंय, आणि तुम्ही मधेच उठून गेलात.

मी आता अशा ठिकाणी कामाला आहे जिथे मुक्या जनावराच्या औषधाचेच पैसे घेतात. टेक्सासमध्ये, डॅलसला लागून अर्विंग म्हणून गाव आहे तिथे. ताई नर्स होऊन इकडे आली, तिने माझे कागद केले, तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी माझा नंबर लागला. आधी एका मोटेलमध्ये चादरी बदलल्या, मग पेट्रोल पंपावर, मग एका हॉटेलात भांड्यांवर. माझं बूड कुठे टिकत नाही हे तुम्हाला काय सांगायचं. दाजी म्हणाले, "एक नोकरी धर बाबा आता, लोक विचारतात आम्हाला." मग या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात लागलो. पिंजरे धुवायचे, कुत्र्यांना बाहेर फिरवून आणायचं, डॉक्टर सुई मारताना जनावर धरायचं. धरायचं मला शिकवावं लागलं नाही. मानेखालून एक हात आणि पोटाखालून एक, आणि तोंडानं हळूहळू काहीतरी बोलत राहायचं, तुम्ही करायचात तसं. मी मराठीत बोलतो. कुत्र्यांना चालतं.

पहिल्यांदा बिल पाहिलं तेव्हा मला वाटलं एक शून्य चुकून जास्त पडलंय. मांजराचे दात साफ केले त्याचे जेवढे घेतले, तेवढ्यात आपलं घर महिनाभर चाललं असतं. मी मनातल्या मनात डॉक्टरला तुमच्याच शब्दांत बोलायचो. तो माणूस वाईट नाही. एकदा मी फरशी पुसत होतो आणि तो कॉफी घेऊन उभा होता, त्याला विचारलंच, की जनावराकडून एवढे कसे घेता. हसला. म्हणाला, "जनावराकडून कुठे घेतो, त्याचा खिसाच नाही." मग म्हणाला, आठ वर्षं शिकलो त्याचं कर्ज अजून फेडतोय, एक्स-रेचं मशीन हप्त्यावर आहे, जागेचं भाडं आहे, काउंटरवरच्या दोघींचा पगार आहे, तुझा पगार आहे. माणसांच्या दवाखान्यात इन्शुरन्सवाला भरतो, इथे कोण भरणार, तू सांग. मी बादलीत फडकं पिळलं. त्या रात्री पडल्या पडल्या हिशेब लागला, की तुमचं फुकटसुद्धा फुकट नव्हतं. हळद-गुळाचे व्यापारी पोत्यामागे पाच-दहा पैसे काढायचे, त्यावर पांजरपोळ चालायचा. गिऱ्हाइकाकडून ते भावात लावून वसूल व्हायचे. आणि गवळ्याच्या म्हशीचं औषध आईच्या ताटातनं जायचं. कुणीतरी भरतच होतं, आप्पा. मग इकडे निदान कागदावर लिहून हातात देतात. हे मी तुम्हाला हरवायला म्हणून जुळवून ठेवलं होतं. पण आता जे झालंय त्यात मला ते वापरता येत नाही.

शनिवारी एक म्हातारी बाई आली, फ्रिस्कोच्या बाजूनं, तिकडे सगळी शेतं आहेत. नवरा वारलेला, आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली, जुनी पिकअप स्वतः चालवत आली. मागे घोंगडीवर कुत्रा. तपकिरी, लांब कानाचा, तोंडाभोवती पांढरा झालेला. त्याला लघवी होत नव्हती. डॉक्टरनं फोटो काढला, खडा अडकलेला. नळी घालून पाहिली, हलेना. म्हणाला, ऑपरेशन केलं तर अजून दोन-तीन वर्षं आरामात काढेल. चारशे डॉलर. तिनं पर्स उघडली आणि परत मिटली. मग त्यानंच तीनशे केले. ती म्हणाली, माझ्याकडे महिना संपेपर्यंत साठ आहेत. त्यानं हप्त्यांचं विचारलं, तर ती म्हणाली, जे फेडता येणार नाही ते मी कबूल करत नाही. मग त्यानं दुसरं सांगितलं. इंजेक्शन. पस्तीस डॉलर, आणि त्याला काही कळणार नाही. मी कुत्र्याला धरून उभा होतो. ती म्हणाली, मला विचार करू दे.

मी कुत्र्याला उचलून पिकअपपर्यंत नेला. ऊन होतं, तिनं त्याच्यावर आपला हात आडवा धरला. मला म्हणाली, "बाळा, तुमच्या देशात अशा वेळी काय करतात?" आप्पा, माझं इंग्रजी जेमतेम. पण त्या दिवशी मला सगळे शब्द सापडले. मी सांगितलं, माझे वडील अशा एका ठिकाणी काम करतात जिथे म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांना आणून ठेवतात. तिथे कुणाला मारत नाहीत. सावलीत ठेवतात, पाणी ठेवतात, अंगावरून हात फिरवतात, आणि जे ते जनावर आपल्या वेळेनं जातं. करतात असंच म्हणालो, करायचे असं म्हणायला पाहिजे होतं, तेवढं व्याकरण आलं नाही का मुद्दाम म्हणालो, मला माहीत नाही. तिचे डोळे भरले. म्हणाली, "हे बरं वाटतं. हे माणसासारखं वाटतं." कुत्र्याला घेऊन घरी गेली. मी आत येऊन फरशी पुसली, आणि मला फार चांगलं वाटत होतं. म्हटलं, आप्पांचं काहीतरी इथे कामाला आलं.

तांबड्या बैलाचं मी तिला सांगितलं नाही. तो ट्रकनं उडवलेला, मागचं हाड बाहेर आलेलं. मी तुमचा डबा घेऊन आलो होतो तेव्हा सरकारी डॉक्टर पांजरपोळाच्या शेठजींना सांगत होता, की याला सुई देऊन सोडवा, हे बरं होणारं नाही. शेठजींनी कानाला हात लावले, म्हणाले, ते पाप आमच्याकडून नको. आणि मोटारीत बसून गेले. बैल ओरडत राहिला. वेशीपर्यंत ऐकू यायचा. तुम्ही त्याच्याजवळ बसून राहायचात, कडुलिंबाच्या पाल्यानं माशा हाकत. घरी आल्यावर नळाखाली कितीतरी वेळ हात धुवायचात. ताट पुढे आलं की सरकवायचात. एकदा आई म्हणाली, दोन घास तरी खा, तुम्ही न खाऊन त्याचं काय कमी होणार आहे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "देवाला जरा घाई करता येत नाही का." एवढंच. हे मला स्वच्छ आठवत होतं, आप्पा. पार्किंगमध्ये त्या बाईशी बोलताना सुद्धा आठवत होतं. सावली सांगितली, पाणी सांगितलं, बैल गाळला.

का गाळला तेही सांगतो. माझ्याकडे पैसे होते. ताईच्या घरी मी भाचीच्या खोलीत झोपतो, तिच्या खेळण्यांच्या फळीवर मागे माझा कॉफीचा डबा असतो. जुनी गाडी घ्यायची म्हणून साठवतोय. गाडीशिवाय इकडे माणूस लुळा. गाडी आली की इथून सुटायचं, कॅलिफोर्नियाला फ्रीमाँटकडे म्हणे काम मिळतं. डब्यात तीनशेच्या वर होते. डॉक्टरनं तीनशे म्हटलं तेव्हा कुत्र्याच्या पोटाखाली हात धरून मी मनात डब्यातल्या नोटा मोजल्या. मग ती बाई "तुमच्या देशात काय करतात" म्हणाली आणि मला एक फुकटची गोष्ट देता आली.

रविवारी ताईकडे दोन-तीन मराठी घरं जेवायला जमली होती. एक काका आहेत नागपूरकडचे, कंप्युटरवाले, ते मला कायम डागदर म्हणतात. "काय डागदर, तुमचे पेशंट काय म्हणतात?" मी ही गोष्ट सांगितली. माझ्या अंगानं सांगितली. काका म्हणाले, "कुत्र्याला तीनशे डॉलर? अरे यार, थोडे घाल आणि इंडियाला जाऊन ये. माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एवढ्यात झालं, वर पेढे वाटले." सगळे हसले. काकू म्हणाल्या, "हसू नका हो, एकटी असेल ती. तिला तेवढंच असेल." आणि वाटीत आमटी वाढत राहिल्या. भाची शेजारी बसली होती, आठ वर्षांची, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. मला म्हणाली, "डिड द डॉग डाय?" मी म्हणालो, माहीत नाही गं. ती म्हणाली, "बट मामा, यू हॅव मनी. इन द कॅन." ताईनं माझ्याकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "ए, जेव तू, मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये." तिनं जेवायला सुरुवात केली. मी पण.

सोमवारी म्हातारी परत आली. कुत्रा उचलताना मला कळलं. पोट दगडासारखं, तोंडाला वास, आणि हात लावला की ओरडत नव्हता, ओरडण्याच्या पलीकडे गेला होता. तिच्या अंगावर तेच कपडे. म्हणाली, झोपले नाही, सावलीत ठेवलं, पाणी ठेवलं, हात फिरवत होते. तो दोन्ही रात्री रडला. डॉक्टरनं तपासलं आणि पहिल्यांदाच मी त्याचा आवाज चढलेला ऐकला. "याला असं घरी न्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कुत्र्याला धरून होतो, मानेखालून एक हात, पोटाखालून एक. ती म्हणाली, "कुणी नाही. माझं मीच ठरवलं." मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरनं सुई भरली. मी कुत्र्याच्या कानात बोलत राहिलो, काय बोललो ते लिहीत नाही. चटकन गेला, आप्पा. देवाला जी घाई करता आली नाही ती एवढीशी होती. तेव्हा मला शेठजींचाच राग आला नाही, तुमचा पण आला, आणि लगेच तुमची फार दया आली, कारण तुम्हाला कुणी ती सुई दिलीच नव्हती. मला दिली होती. माझ्या समोर ट्रेमध्ये होती, आणि तिच्याआधी दुसराही रस्ता होता, तो फळीवर डब्यात होता.

बाई पर्समधून पाकीट काढत होती तेव्हा मी आत जाऊन काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, हे पस्तीस माझ्या पगारातून कापा, आणि तिला सांगू नका. ती म्हणाली, "नक्की का रे? तुला काय मिळतं ते मला ठाऊक आहे." मी म्हणालो, नक्की. बाईला वाटलं डॉक्टरनं पैसे सोडले. तिनं त्याचा हात धरून आभार मानले, तो गोंधळला, पण मान डोलावून आत गेला. मग बाहेर घोंगडीची घडी घालता घालता ती मला म्हणाली, "तू बरा मुलगा आहेस. तुझ्या वडिलांना माझा निरोप सांग. त्यांना सांग, ते फार चांगलं काम करतात." मी सांगतो म्हणालो. तुम्ही नाही आहात हे तिला त्या वेळी सांगावंसं वाटलं नाही. निरोप घेतला आहे तर पोचवायला पाहिजे, म्हणून लिहायला बसलो. आता एवढं लिहून झाल्यावर कळतंय, की निरोप एका ओळीचा होता आणि बाकीचं माझंच आहे.

घेणं बरोबर की न घेणं बरोबर, हे मला अजून ठरवता येत नाही. डॉक्टरनं चारशेचे तीनशे केले, त्याच्या जागी तेवढं पुष्कळ होतं. तुम्ही असतात तर खडा काढता आला नसता, पण फुकट जागला असतात. मी दोन्ही बघितलेला माणूस, मी तिसरंच केलं. पत्ता लिहायचा प्रश्न नाही, हे घडी करून गादीखाली ठेवणार. एक राहिलं. ते पस्तीस डॉलर मी डब्यातून भरून काढले नाहीत. डबा तसाच आहे, पुढच्या आठवड्यात गाडी बघायला जाणार आहे. आईला दर महिन्याला शंभर जातात. तिला लिहिलंय, या खेपेला ओव्हरटाइम मिळाला नाही. पासष्ट डॉलर पाठवतोय.