लॅमिनेशनसकट

आबा, तुम्ही लॅमिनेट करून दिलेलं माझं क्रिकेटचं कार्ड परवा कुरिअरने परत आलं. जसं गेलं होतं तसंच आलं, आधी तेवढं सांगते आणि मग बाकीचं.

तुमची नात, माझी मुलगी, पुण्यात नोकरी करते. तिला जुन्या खेळाडूंच्या कार्डांचा नाद लागलाय. अशी कार्डं हल्ली तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवतात. तिथली माणसं भिंगाखाली कोपरे, कडा, छपाई बघतात, दहापैकी गुण देतात आणि कार्ड जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. मी विचारलं, "हे करून मिळतं काय?" ती म्हणाली, "अगं आई, विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसतात. तिसऱ्याने खरं आहे म्हटलं की घेणाऱ्याला धीर येतो." हे मला पटलं. पण साध्या कार्डाला तपासणीचा खर्चच जास्त पडतो, हेही तिनेच सांगितलं. माझ्या डब्यातल्या, च्युइंगमच्या पाकिटांतून जमवलेल्या कार्डांत त्या लायकीचं एकच निघालं, आणि नेमकं तेच तुम्ही लॅमिनेट केलेलं. "आजोबांनी चांगल्या कार्डाची वाट लावली," ती हसत म्हणाली. गरम करून वरचं प्लास्टिक सोलून देणारा एक माणूसही तिने शोधून ठेवला होता. सुटलं तर सुटलं, नाहीतर कार्डाचा रंगही त्याच्याबरोबर जाणार.

मला चोपड्याचं आपलं झेरॉक्सचं दुकान आठवलं. निकालाचे दिवस आहेत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, लाइट नुकतीच आलीय आणि लॅमिनेशनचं मशीन तापायची सगळे वाट बघताहेत. मी कोपऱ्यात उभी आहे, हातात माझा लाडका फिरकी गोलंदाज. खराब होईल म्हणून खिशात ठेवायचीही मला भीती वाटते. मशीन तापतं आणि तुम्ही पहिलं माझं कार्ड घेता. मुलाची मार्कशीट घेऊन आलेल्या एक मावशी भडकतात, "भाऊ, मना पोऱ्यानी मार्कशीट शे, अन् तुम्ही हाई खेळनं चित्र काय ली बसनात?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "हाऊ बी कागदच शे. मनी पोरना." मग तुम्ही प्लास्टिकचे कोपरे कात्रीने गोल कापता आणि कार्ड गरम गरमच माझ्या हातात देता. "आते पाऊसम्हा बी ली जा. काहीच व्हणार नही."

गल्लीत पोरांबरोबर बॉलिंग टाकते म्हणून आई रोज ओरडायची, शेजारच्या काकू नावं ठेवायच्या. तुम्ही त्या वादात कधी पडला नाहीत. पण माझ्या पोरीचा कागद म्हणत दाखले आणि मार्कशीटांच्या रांगेत तुम्ही माझा खेळ बसवलात, तेव्हापासून मला कोणाचं काही वाटेनासं झालं. धुळ्याला मॅचला जाताना कार्ड शर्टाच्या खिशात असायचं. आईने एकदा ते शर्टासकट धुतलंसुद्धा, आणि तरी काही झालं नाही. आज मी जळगावात शाळेतल्या मुलींना खेळ शिकवते. याचं श्रेय कोणी विचारलं तर मी त्या गरम प्लास्टिकचं नाव घेते. तुमचंच घेते, आबा.

तर मी तुमच्या नातीला सांगितलं, सोलायचं नाही. पाठवायचं तर लॅमिनेशनसकट पाठव. ती म्हणाली, फुकटचा खर्च आहे. मी म्हटलं, असू दे, माझ्याकडून. पण ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडे कोणी परस्पर सोलून टाकलं तर? परवा पाकीट उघडलं. गुण नाहीत, डबी नाही. कार्डावर नंतर प्रक्रिया झाल्यामुळे गुण देता येत नाहीत, एवढंच लिहून आलंय. "तुला म्हटलं होतं ना," तुमची नात फोनवर म्हणाली. म्हणाली होती खरी. ज्याला विकायचंय त्याने चांगलं कार्ड जरूर तपासून घ्यावं, तिनेही घ्यावं. मला विकायचं नव्हतं, आणि डबीत तर ते तुम्ही केव्हाच घातलंय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुझ्या हौसेखातर पाठवतेय, असं मी तुमच्या नातीला सांगितलं होतं. ते काही खरं नव्हतं. भिंग घेऊन बसलेल्या त्या परक्या माणसाने एकदा तुमचं काम बघावं, असं मला वाटत होतं. हवेचा एकही बुडबुडा नाही त्यात, आबा. अजून नाही.