राजाचे शब्द मागे घेण्याबाबत

दि. ९ फेब्रुवारी २०२६, सकाळी ६.३५
बौशर साइट (व्हॉट्सअॅपने)

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
मुख्य कार्यालय, रुवी.

विषय : मी रागात बोललो तो हुकूम नव्हता, असे सही-शिक्क्याचे पत्र तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : आपण बसवत असलेले राजा व आर्चबिशप यांचे नाटक, अंक दुसरा.

महोदया,

मी जनार्दन साळवी, साइटचा फोरमन, आपल्या नाटकातला राजा. माझा गाववाला दयानंद घाग आर्चबिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू, आहे. नाटकात राजा आपल्याच दोस्ताला त्या गादीवर बसवतो आणि तोच त्याला आडवा येतो. इथेही तेच झाले. दयानंदला सेफ्टी ऑफिसर करा, असा अर्ज मीच दिला होता. आता तो परांचीला लाल टॅग लावून माझे काम रोज अडवतो.

काल दुपारी माझे डोके फिरले. "ह्याला माझ्या डोळ्यांसमोरून कोणी हटवील की नाही?" हे नाटकातले वाक्य पाठ असल्याने तोंडातून गेले. समोर माझ्या हाताखालचा आशुतोष व तिघे हेल्पर होते. नाटकात राजाचे चार सरदार तेच आहेत, आणि हे वाक्य हुकूम समजून ते आर्चबिशपला ठार मारतात.

संध्याकाळी मी शब्द मागे घेतला, तर आशुतोष हसला. म्हणाला, "राजा नंतर असंच बोलतो ना, साहेब? तुम्ही टेन्शन घेऊ नका. खलास." तिसऱ्या अंकात राजा खरोखरच कानांवर हात ठेवतो. त्यामुळे मी जितका नाही म्हणतो, तितकी त्यांची खात्री वाढते.

आज सकाळी परांचीचे पाइप जोडून धरणारा एक क्लॅम्प वाळूत सापडला. पडला की काढला, मला माहीत नाही. दयानंदला दाखवला, तर म्हणाला, "मग तर मला चढून बघायलाच हवं. हे काम माझं, तुझं नाही." तो सातला चढतो. मला फार भीती वाटते आहे. गावी त्याच्या बायकोला, मंगलाला, मी काय तोंड दाखवू?

आपला फोन लागत नाही, आणि तोंडी काही आपण ऐकून घेत नाही, म्हणून लेखी देत आहे. हे चौघे फक्त शिक्का मानतात. पत्रात कृपया 'राजा' लिहू नये, 'फोरमन' लिहावे. राजाचे काम दुसऱ्या कोणाला द्यावे.

दयानंद हेल्मेट घालतो आहे. पत्राची वाट पाहता येणार नाही, म्हणून त्याच्या आधी मीच चढतो. राजा वर असताना ते काही करणार नाहीत, एवढीच आशा आहे. चौघे खाली उभे आहेत.

आपला आज्ञाधारक व घाबरलेला,
जनार्दन साळवी

सोबत (फोटो) :
१) नाटकाचे पान ३१
२) क्लॅम्प, दोन नग (दुसरा आत्ता सही करताना सापडला)