भाजलेल्या धण्यांचा वास

आई, काल मावशीनं बोलता बोलता एक गोष्ट सांगितली आणि मला अजून ती पचलेली नाही. केडगावच्या माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी आमटीच्या येसुरासाठी बाजरी, हरभरे, धणे भाजत होतो. धण्यांचा वास घरभर झाला, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी थेट पारनेरच्या आपल्या चुलीपुढं जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, आईची आठवण आली बघ या वासानं." तर ती उलथनं फिरवत म्हणाली, "तिला कुठं वास येत हुता गं? ल्हानपनी लई ताप आल्ता, तवाच गेला. लग्न मोडंल म्हनून आमी कुनी बोललो न्हाई. मंग ती बी कायम गप ऱ्हायली." समोर धणे करपले, ते मला कळलंही नाही.

तू कढई खाली उतरवतेस, मला हाक मारतेस, "ये गं, वास घे. झालं का बघ." मी डोळे मिटून वास घेते, "अजून थोडं," म्हणते, आणि तू मुकाट्यानं कढई परत चुलीवर ठेवतेस. गल्लीतल्या बायका तुझ्या आमटीचं कौतुक करतात आणि मी मनातल्या मनात फुगते. मला वाटायचं, तू माझे लाड करतेस. तू खरंच विचारत होतीस.

आणि ते दूध लागलं तो दिवस. चुलीशी तांदूळ निवडत तू बसलेली, मी बाहेर ओट्यावर पुस्तकात. तरी बोलणी मला. "तू घरात असून दूध लागलंच कसं?" हा अन्याय मी किती वर्षं जपला, माझ्या पोरांनाही हसत हसत सांगितला. इतकी वर्षं संसार केलास, दादांना तरी माहीत होतं का गं? विचारायला आता तेही नाहीत.

शाळेतून आले की तू माझ्या केसांत नाक खुपसून मोठा श्वास घ्यायचीस. "माज्या लेकराचा वास," म्हणायचीस. तुला तर काहीच येत नव्हतं, मग काय घेत होतीस? माझ्याकडं तुझं जे उरलंय ते सगळं वासांचंच आहे, भाजलेले धणे, तुझ्या पदराचा धूर, सारवलेली जमीन. त्यातलं काहीच तुझ्याकडं नव्हतं, हे मला कालपासून सहन होत नाही. रागही येतो. निदान मला सांगायचं होतंस.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. काल मावशीनं विचारलं, "तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी म्हटलं, "होतं की. आईनंच सांगितलं होतं मला."