काळी कड, पांढरं पोट

आई, रविवारी माझा मुलगा, तू न पाहिलेला तुझा नातू, मला घोडबंदर रोडला मित्राकडे घेऊन गेला. मोठमोठ्या नोकऱ्यांतली मुलं तिथे जुनी मनगटी घड्याळं मांडून बसली होती. पांढऱ्या तबकडीत छोटी काळी वर्तुळं असली की ते तिला पांडा म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. मला हसू आलं नाही. पांढऱ्याला काळं भिडलं की नजर त्या कडेवर थांबते, काटे उठून दिसतात, हे मी आपल्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात शिकले आहे.

कल्याणच्या दुकानातून डागाळलेल्या तबकड्या रंगवायला आल्या की आपल्याकडे फोडणी बंद. तेलाचा धूर ओल्या रंगावर बसतो. पंखाही बंद. तू खिडकीशी पाटावर, डोळ्याला भिंग, आणि आम्ही बिनफोडणीचं वरण गिळतोय. शेजारच्या काकू दारातूनच ओरडतात, "आज वास नाही गं! घड्याळं आली वाटतं. आमटी देऊ का वाटीभर?" तू गप्प, बोललं की हात हलतो. वाटी घेऊन आम्हीच पळायचो.

मी कॉलेजात गेले तेव्हा तू मला एक जुनं पुरुषी घड्याळ दिलंस. तबकडी तू नव्याने रंगवलेली, पोट सायीसारखं पांढरं, भोवती काळी कड, कडेवर पांढरे आकडे. मी नाक मुरडलं.

"मागच्या बाकावर उजेड नसतो. काळ्यावर पांढरं दिसतं. घाल मुकाट्याने."

कंपनीचं नाव कुठे गेलं, असं विचारलं तर म्हणालीस, "काम माझं. त्यांचं नाव मी का लिहू?"

रविवारी ते घड्याळ त्या मित्राने भिंगाखाली धरलं. "काकू, डायल ओरिजिनल नाहीये. कुणीतरी रंगवलीय."

"कुणीतरी नाही. माझ्या आईने."

तो ओशाळला. पण तो मनाचा मोठा. आतून डबी घेऊन आला. तसल्याच घड्याळाची, कारखान्यातून आलेली तबकडी. "ही तुम्हाला. आत्ता बसवून देतो."

"आई, अशी परत मिळायची नाही," तुझा नातू कानाशी पुटपुटला. घड्याळ पुढे त्याच्याकडेच जायचं आहे.

"आणि काढलेलीचं काय?"

"ती ठेवा ना डबीत, आठवण म्हणून."

"डबीत तुमची ठेवा," मी म्हटलं. "माझ्या आईची मनगटावर राहील."

मग एकाने विचारलं, "काकू, जवळून बघू?" एकेकाने भिंग लावून तुझी कड पाहिली.

"हाताने? इतकी गोल कशी काय?"

"फोडणी न घालता," मी म्हटलं. माझी मान इतकी ताठ माझ्या पदवीच्या दिवशीही नव्हती.

परतताना माजिवड्याच्या चौकात गाडी अडकली तेव्हा तुझा नातू म्हणाला, "हट्टी आहेस."

"आहे."

हा कागद तुला पोचायचा नाही, तेव्हा खरं लिहिते. डबीतली तबकडी मध्ये काळी, भोवती रुपेरी, तुझ्या तबकडीच्या अगदी उलट. आणि तुझ्यापेक्षा सुंदर. ती पाहिल्यावर, तुझं घड्याळ त्या मुलाकडून परत मागायला मला थोडा वेळ लागला.